लुटुपुटूचं भांडण

रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी सात वर्षांच्या नेत्रानं आपल्या आजीच्या डोक्यात पितळी तांब्या घातला. त्यानंतरही काही क्षण टाळ्या चालूच होत्या. लोकांना तो खेळाचा भाग वाटला.

बदलापूर पूर्वेच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये मंगळागौरीच्या खेळांची स्पर्धा होती. एकाच घरातल्या दोन पिढ्यांनी मिळून खेळायचं, एवढीच अट. नेत्राची आजी राजाबाई आणि त्यांची सून स्वप्नाली यांनी ‘सासू-सुनेचं भांडण’ निवडलं होतं. सासूनं टोमणे मारायचे, सुनेनं उलट उत्तरं द्यायची, सासूनं लाटणं उगारायचं आणि शेवटी दोघींनी हातात हात घालून फुगडी खेळायची. दोघींनी तीन आठवडे सराव केला होता, तोही नेत्रा शाळेत असताना. तिला गंमत दाखवायची होती. पुठ्ठ्याच्या नळीला तपकिरी रंग देऊन राजाबाईंनी लाटणं घरीच तयार केलं होतं.

नेत्रा पुढं सतरंजीवर बसली होती. शेजारी पुढच्या गटाचं सामान होतं. सुपं, घागर, तांब्या.

“ही भाकरी हाय का पापड गं?” राजाबाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं.

“तुमच्या कवळीला झेपेल अशीच थापलीय, सासूबाई.” घरी स्वप्नाली त्यांना आई म्हणायची.

“आयशीनं हेच शिकवलंन वाटतं तुला?”

“आईनं भाकरीच शिकवली. सासू भाजायची मी इथं येऊन शिकले.”

हॉलभर हशा उसळला. राजाबाईंनी लाटणं उगारलं आणि सुनेच्या पाठीत घातलं. पुठ्ठ्याचा आवाज मोठा झाला, लागलं काहीच नाही. बायका ओरडायला लागल्या. “राजाबाई, आज सोडू नका!” “ए सूनबाई, पळ!” दुसरा फटका पडला. तिसऱ्या रांगेत राजाबाईंचा मुलगा सुजित उभा राहून मोबाइलवर चित्रीकरण करत होता. अंबरनाथ एमआयडीसीतल्या कारखान्यात तो शिफ्टवर असतो, त्या दिवशी सुट्टी होती.

“आई, दे अजून एक ठेवून!” तो ओरडला.

त्याच्या मोबाइलमध्ये पुढचे नऊ सेकंद स्वच्छ दिसतात. सुजितचा आवाज येतो आणि स्वप्नाली थांबते. आता वाक्य तिचं असतं. ते ती म्हणत नाही. ती भिंतीकडं सरकते, खाली बसते, हनुवटी गुडघ्यांत घालते आणि दोन्ही कोपरं डोक्यावर घट्ट आवळून धरते. सरावात हे नव्हतं. परीक्षक बाईंनी कागदावर ‘अभिनय अगदी खरा’ असं लिहिलं आणि दहापैकी दहा गुण दिले.

राजाबाई लाटणं टाकून सुनेवर वाकतात. “स्वप्ने, काय झालं गं?” टाळ्यांत ते ऐकू येत नाही, ओठ हलताना दिसतात. तेवढ्यात डावीकडून नेत्रा धावत येते. तांब्या तिनं दोन्ही हातांनी धरलेला असतो. पहिला घाव कानशिलावर. दुसरा डोक्याच्या मागं. राजाबाई सुनेच्या अंगावर कोसळतात. तिसरा घाव स्वप्नाली स्वतःच्या मनगटावर घेते. तेव्हा कुठं टाळ्या थांबतात.

बदलापुरातल्या डॉक्टरांनी उल्हासनगरला न्यायला सांगितलं. तिथं कळलं की कवटीला तडा गेलाय आणि आत रक्त साकळलंय. शुद्ध येईपर्यंत काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. स्वप्नालीच्या मनगटाला प्लास्टर घातलं. सोबत आलेल्या बायका व्हरांड्यात दबक्या आवाजात बोलत होत्या. “मोबाइल बघून बघून पोरं अशी होतात.” “आजीचा राग असणार बघा.” “एवढीशी पोर, आणि हात बघा कसा चालतो!”

पोलीस ठाण्यातून हवालदार भावना आल्या. सुजितनं मोबाइल त्यांच्या हातात दिला.

“मॅडम, हिच्या आईनं लाडावून ठेवलीय. घरात कुणाचा धाक नाही. तसं लिहून घ्या.”

“आधी तिला विचारते.”

नेत्रा बाकाच्या टोकाला बसली होती. फ्रॉकवर रक्त वाळलं होतं. आईला लागलं का, एवढंच तिनं आतापर्यंत दोनदा विचारलं होतं. भावना तिच्यासमोर फरशीवर बसल्या.

“आजी आवडत नाही का तुला?”

“आवडते. मी तिच्याजवळच झोपते.”

“मग तिला का मारलंस, बाळा?”

“आजीनंच सांगितलंय.”

“काय सांगितलंय?”

नेत्रानं आईकडं बघितलं. स्वप्नालीनं मान खाली घातली. नेत्रानं दोन्ही कोपरं डोक्यावर घेऊन दाखवली.

“आई अशी बसली ना, की हाताला येईल ते घ्यायचं आणि मारायचं. मारणारा कोण आहे ते बघायचं नाही. बाबा असला तरी.”

भावनांनी वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि मागं वळून सुजितला हाक मारली. तो तिथं नव्हता. औषधं आणायला खाली गेला, असं कुणीतरी सांगितलं. औषधांची चिठ्ठी बाकावरच पडली होती. संध्याकाळी सात वाजेपर्यंत राजाबाई शुद्धीवर आल्या नव्हत्या, आणि सुजित परतला नव्हता.