उंबरदऱ्याची गाडी

"उंबरदरा? ते कुठं आलं?" करवंदं घेता घेता तालुक्याच्या बाजारातलं गिऱ्हाईक हमखास विचारायचं. "तळेगव्हाणच्या पुढं, डोंगरात," चांगुणामावशी सांगायची. दुसऱ्याच्या नावावर आपलं गाव सांगायचं, याचा तिला भारी राग यायचा. पण एसटीसुद्धा तळेगव्हाणलाच थांबायची. पुढं डोंगर पायी चढायचा.

यंदा घाटात रस्ता झाला. आज पहिल्यांदाच 'उंबरदरा' अशी पाटी लावून गाडी स्टँडवर लागली. रिकामी टोपली शेजारी ठेवून मावशी पुढच्याच सीटवर ऐसपैस बसली.

तळेगव्हाणचे सरपंच दारातून डोकावले. "ही तळेगव्हाणची गाडी ना?"

"उंबरदऱ्याची," कंडक्टर म्हणाला. "तळेगव्हाण वाटेत लागतं."

मावशीनं टोपली उचलून मांडीवर घेतली. "बसा सरपंच. जाता जाता सोडतो आम्ही तुम्हाला."