अंबूबाईंची गोळी

आतड्याचा रक्तपुरवठा अडल्यामुळे झालेलं ऑपरेशन पार पडल्यावर अंबूबाई बसवनगुडीच्या घरी सुखरूप परतल्या. पण पुढच्या तपासणीत त्यांच्या हृदयाच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढलेलं निघालं. “आई विसरते आणि दोनदा घेते,” असं त्यांच्या मुलानं, दयानंदनं ठरवूनच टाकलं. गोळ्या त्यानं आपल्या ताब्यात घेतल्या. मग काय, नळ चालू राहिला, जेवणातलं पातळ सारू खारट झालं, तरी लेक आणि सून खापर फोडायचे ते अंबूबाईंच्याच डोक्यावर. त्या नुसत्या हसायच्या.

पुढच्या तपासणीतही प्रमाण जास्तच आलं, आणि आता तर गोळी रोज दयानंदच्याच हातची होती.

डॉक्टर म्हणाले, “अम्मांची काही चूक नाही. औषध मागे ढकलणारे राखणदार आतड्यात असतात. रक्त अडलं तेव्हा तेच जायबंदी झालेले दिसतात, म्हणून तेवढीच गोळी जास्त भिनते. सध्या अर्धीच द्या.”

“म्हणजे मी विसरत नव्हते?”

“अजिबात नाही.”

“सरी, बरं झालं.” अंबूबाई प्रसन्न चेहऱ्यानं लेकाकडे वळल्या. “त्या दिवशी सारूत दुसऱ्यांदा मीठ घालताना मी तुला बघितलं होतं. आता सुनेला सांगितलं तर तिला पटेल.”