राख किती आली?

चिकलठाण्यातल्या एका कंपनीत निशा जैवइंधन संशोधनाची मॅनेजर होती. कापसाच्या पऱ्हाट्यांपासून जळणाचे ठोकळे बनवायचं काम. राख जितकी कमी, तितकं जळण चांगलं, म्हणून संध्याकाळी तिनं चपला काढायच्या आत वडील विचारायचे, “आज राख किती आली गं?”

“सहा टक्के, आबा.”

“पाचच्या खाली आली की मला तुझ्याच ठोकळ्यांवर जाळायचं. तवर मी काय जात नाय!”

“दिवेलागणीला राखेच्या गोष्टी नका करू,” चहा गाळता गाळता आई करवादायची.

मग एकदा राख साडेचारवर आली. ऑफिसात पेढे वाटले. दशांश चुकला तरी हाताखालच्यांकडून अख्खी चाचणी पुन्हा करून घेणारी निशा घरी येऊन म्हणाली, “सहाच, आबा.” पुढं सव्वा वर्ष ती रोज सहाच म्हणत राहिली.

आबा गेलेच. ठोकळे तिचेच रचले. तिसऱ्या दिवशी राख सावडून ती परतली, तेव्हा आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. लेकीच्या पायांवर पाणी घालताना तिनंच हळूच विचारलं, “राख किती आली गं?”

निशाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “सहाच, आई.”

 

“मग हायेत अजून,” आई म्हणाली आणि तिनं तीन कप चहा टाकला.