विखुरलेल्यांचा खेळ

बंधाऱ्यावर उभं राहून देलिमाने इंग्रज राजाचा जुना हुकूम वाचला. जमीन, गुरं, घरंदारं जप्त. फ्रेंच बोलणाऱ्या सर्वांनी जहाजावर चढावं. अंगात नाटकाच्या पेटीतला तांबडा कोट होता, गळ्यात शिट्टी. खाली कुरणात तिच्या वर्गातली सातवीची मुलं गळ्यात कार्डं अडकवून उभी होती. कार्डांवर इथल्याच गावांतली जुनी नावं होती, अडीचशे वर्षांपूर्वी याच बंधाऱ्यावरून हाकलून दिलेल्या माणसांची.

गवतात दोर टाकून गलबतं आखली होती. देलिमा एकेक कुटुंब फोडत गेली. बाप एका गलबतात, आई दुसऱ्यात, पोरं जागा असेल तिथे. हे काम दरवर्षी तिच्याच वाट्याला येई, कारण इंग्रज अधिकारी व्हायला दुसरं कुणी तयार नसे.

"मॅडम, मला बायकोपासून लांबच्या जहाजात टाका," गास्पार नावाचा मुलगा म्हणाला. "ही सकाळपासून डोकं खातेय."

त्याच्या कार्डावरच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं आणि सगळे हसले.

पहिल्या शिट्टीला गलबतांतली मुलं कुरणाच्या टोकांना गेली. दुसऱ्या शिट्टीला परतायचं होतं, पण कार्डं उलटी करून. आता माणूस फक्त हाकेने शोधायचा, आणि हाक इथल्या रीतीने मारायची: आधी आपलं नाव, मग आईचं किंवा बापाचं, मग आजीचं किंवा आज्याचं. अर्ध्या खोऱ्याचं आडनाव एकच. आडनावावर इथे टपालसुद्धा पोचत नाही. आपली साखळी ऐकू आली की ओ द्यायची, आणि कुटुंब पुरं झालं की बंधाऱ्यावर चढायचं.

कुरण हाकांनी भरून गेलं. पोरं धावली, चुकली, भलत्याच आईला बिलगली, पुन्हा हाका मारू लागली. एकेक कुटुंब वर आलं. शेवटी खाली कुरणाच्या कुंपणापाशी एकच कुटुंब राहिलं, आणि त्यातली एक मुलगी अजून यायची होती. पाण्याकडे तोंड करून ती ओरडत होती.

"मी मिरेय, कोनरादची, देलिमाची."

बंधाऱ्यावरची पोरं वळून पाहू लागली. हे नाव कुठल्याच कार्डावर नव्हतं. कोनराद म्हणजे मिरेयचा खरा बाप, देलिमाचा मुलगा. तो देशाच्या दुसऱ्या, पश्चिमेच्या टोकाला, आल्बर्टाच्या तेलखाणीत होता. या सोमवारी, सुगीच्या सणाला, तो घरी यायचा होता. काल संध्याकाळी त्याचा फोन आला. कुणाची तरी पाळी त्याने अंगावर घेतली होती, आता नाताळलाच. त्याच्या आवडीच्या रश्श्यासाठी काढलेली कोंबडी देलिमाने परत बर्फात ठेवली आणि जेवताना म्हणाली की जादा काम मिळतंय हे चांगलंच आहे. मिरेयने ताटं पुसली होती.

"मॅडम, ही खेळ बिघडवतेय," कुंपणापाशी उभा असलेला गास्पार म्हणाला. मिरेय त्याच्याच कुटुंबातली होती. "मघापासून हिचा बाप होऊन उभा आहे मी. गारठलो."

कुणी हसलं नाही. मिरेयने पुन्हा तीच हाक मारली. आवाज बसत चालला होता.

देलिमा बंधारा उतरून खाली गेली. अधिकाऱ्याने परतणाऱ्यांशी बोलायचं नाही, असा नियम तिनेच घातला होता. शाळेत ती नातीचीही मॅडमच असे. हा दुसरा नियमही दोघींनी आजवर पाळला होता. तिने हळू आवाजात सांगितलं की कार्डावरचं नाव घे, बस थांबली आहे.

"कार्डावरचा बाप तो काय, कुंपणाशी उभा आहे," मिरेय म्हणाली. "दिसणाऱ्या माणसाला कशाला हाका मारायच्या, आजी?"

देलिमाच्या हातात शिट्टी होती. एकदा वाजवली की खेळ संपला असता आणि पोरं बसकडे पळाली असती. तिने नातीकडे पाहिलं. वाऱ्याने पोरीचं नाक लाल झालं होतं. नजर अजून खाडीच्या तोंडावर होती, कारण खेळात गलबतं तिकडून गेली असं मानायचं होतं.

देलिमाने शिट्टी सोडून दिली. मिरेयच्या दोन्ही खांद्यांना धरून तिने तिला वळवलं. पाणी पाठीमागे गेलं. समोर सूचिपर्णी झाडांची टेकडी होती आणि टेकडीपलीकडे पश्चिमेला जाणारा हमरस्ता.

"तिकडे तोंड करून मार," ती म्हणाली. "आपला माणूस जहाजाने नाही गेला."