दुसरी नळी

बार उडाला आणि मांडवाच्या कापडाला मुठीएवढं भोक पडलं.

जसोंडीत अक्षयच्या हळदीची दुपार होती. त्याचा काका धर्मेंद्र मोठ्या भावाची दुनळी बंदूक खांद्याला लावून फोटो काढून घेत होता. केळीत घुसणाऱ्या रानडुकरांसाठी ठेवलेली ती बंदूक. तो उभा होता आपल्या आईच्या, मालूबाईंच्या खुर्चीला अगदी खेटून.

हळदीचं गाणं म्हणणाऱ्या बायका दचकून थांबल्या. मग धर्मेंद्रच हसला.

अक्षयची आई चारुलता हळदीच्या हातांनीच धावली. "भाऊजी, नळी खाली करा!"

"खालीच आहे भाभी आता. गोली तो निकल गई."

बोलता बोलता तो वळला. नळी बायकांवरून फिरली आणि पाटावर बसलेल्या अक्षयच्या छातीसमोर येऊन थांबली.

"जमिनीकडे करा म्हणतेय मी! बोट काढा चापावरून! बोट!"

तिने नळी धरून खाली दाबली, बंदूक हिसकावून घेतली आणि मधोमध मोडून उघडली. एका नळीतून रिकामं टरफल निघालं. दुसरीतून अख्खं काडतूस.

ते तिने नवऱ्याच्या तोंडासमोर धरलं. "हे कोणी भरलं?"

"सकाळी मळ्यातून आलो," लीलाधर पुटपुटला. "काढायचं राहून गेलं."

"आणि भरलेली बंदूक खुंटीला टांगली? पोराबाळांच्या घरात?"

"हळू बोल. पाहुणे आहेत."

"आज याच मांडवातून मयत निघाली असती!"

"निघाली का? कोणाला खरचटलंसुद्धा नाही. शुभकार्यात तमाशा नको." तो बायकांकडे वळला. "म्हणा हो गाणं. थांबू नका."

बायकांना तेवढंच हवं होतं. ढोलकी घुमली, टाळ्या सुरू झाल्या. धर्मेंद्र फोटो कसा आला ते पाहू लागला. चारुलता काडतूस मुठीत आवळून ओरडत राहिली, "थांबा! अरे थांबा!" पण तिचा आवाज गाण्यात बुडून गेला.

मालूबाई मघापासून एक तळहात कानावर दाबत होत्या, सोडत होत्या, पुन्हा दाबत होत्या. त्यांनी सुनेचा पदर ओढला.

"अगं चारू," त्या केवढ्यांदा तरी ओरडल्या, "सगळ्या अशा गप्प काय बसल्या? गाणं म्हणा ना."

ढोलकी त्यांच्या पायाशीच वाजत होती.