रविवार सकाळचा खेळ

पडद्याच्या फटीतून दलेंदाने डोकावून पाहिलं. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत पोरंच पोरं. कुणी खुर्चीवर उभं, कुणी खुर्चीखाली, आणि निम्म्यांच्या तोंडाला तळलेल्या गोड बंबलूनीची साखर.

"सी तिजानी, हे काय करून ठेवलंत हो?" तिने नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला विंगेत गाठलं. "मोठ्यांचं नाटक आहे हे!"

"मला काय स्वप्न पडणार, लल्ला दलेंदा?" तिजानी उलट तिच्यावरच डाफरला. "अर्जावर तुमचं नाव पाहिलं, बालनाट्याची रविवार सकाळ देऊन टाकली. बावीस वर्षं तेच करतोय. पाच शाळा आल्यात, आता हाकलून देऊ?"

बाहेरच्या पोस्टरवर त्याने बॅग घेतलेला ससा छापून घेतला होता. नाटकात ससा नव्हता. बॅग होती, ती परदेशातून परतलेल्या मुलाच्या हातात. आई त्याला ओळखत नाही, शेवटपर्यंत ओळखत नाही. एवढंच नाटक.

"उद्या संध्याकाळी लावतो ना मोठ्यांसाठी," तिजानी जरा नरमला. "आजचा दिवस निभावून न्या."

रडावं की हसावं, दलेंदाला कळेना. मुलांची पुस्तकं लिहून नाव झालं, आणि ते नाव आता पाठ सोडायला तयार नव्हतं. दोन कादंबऱ्या लिहिल्या, तर वाचनालयाने त्या मुलांच्या कपाटात कोंबल्या. एका बाईने तर विचारलं, "यात चित्रं कशी नाहीत?" हे नाटक तरी मोठ्यांनी पाहावं, एवढी एकच इच्छा होती तिची. दर शुक्रवारी ती बेजा गावी गेली की तिची स्वतःची आई दारातच तिला विचारायची, "कोण गं बाई तू?" त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते कळेना, म्हणून तिने चार वर्षं खपून हे नाटक लिहिलं. लिहूनही कळलं नव्हतंच.

घंटा झाली. पडदा वर गेला.

म्हातारी बेया आईच्या भूमिकेत होती. मुलाचं काम करणारा मुंजी बॅग घेऊन आत आला, दाराशी थांबला. बेयाने त्याच्याकडे पाहिलं, चार पावलं पुढे आली आणि स्वतःशीच पुटपुटली, "हा माणूस कोण?"

इथे संहितेत लिहिलं होतं: बराच वेळ शांतता.

"आजी, तुझा मुलगा!" चारशे गळे एकदम ओरडले.

दलेंदाने कपाळावर हात मारून घेतला. बोलणार कुणाला? हे तिचंच शिकवणं. तिच्या बालनाट्यात कोल्हा मागे लपायचा, नट विचारायचा "कुठाय?", आणि पोरं घसा फोडून सांगायची. आधी यांच्या आया ओरडल्या, आता ही ओरडत होती.

बेया क्षणभर चाचरली. पण जुनी नटी ती, पुढचं वाक्य सोडलं नाही. "माझा मुलगा लहान आहे. शाळेत गेलाय."

"आज रविवार आहे!" एक पोरगा ओरडला.

"मोठा झाला तो!"

"अगं, नीट बघ ना!" हा आवाज एका मुलीचा होता आणि ती रडवेली झाली होती.

मुंजी वाक्य विसरला. बेयाने विंगेकडे पाहिलं: पडदा पाडू की पुढे जाऊ? दलेंदाने हात वर केला खरा, पण कसली खूण करायची तेच तिला समजेना. हात तसाच वर राहिला.

मग बेया रंगमंचाच्या अगदी कडेला आली आणि खाली वाकली. "नक्की?"

"नक्की!"

"तुम्ही एवढी सगळी म्हणताय, तर असेल बाबा." ती मुंजीकडे वळली. डोळ्यांत ओळख नव्हती, जराही नव्हती. "ये. बस इथे. काही खाल्लंस का?"

मुंजी बसला आणि खरोखरच रडायला लागला.

दलेंदा संहितेची पानं उलटू लागली. बेयाचं ते वाक्य तिने लिहिलेलं नाही, हे ठाऊक असूनही ती उलटत राहिली.

पडदा पडला तेव्हा टाळ्यांनी छप्पर हललं. "बघा! उगाच घाबरत होतात," तिजानी म्हणाला. नाटक बुडालं की तरलं, दलेंदाला काही केल्या ठरवता येईना.

बाहेर पोरांची रांग लागली होती. जो तो सशाचं चित्र छापलेलं पत्रक पुढे करून सही मागत होता. दोन वेण्या घातलेली एक मुलगी पुढे आली. डोळे अजून लाल होते.

"आजी उद्या परत विसरणार?"

"हो गं. उद्या परत पहिल्यापासून."

"उद्या कोण येणार?"

"मोठी माणसं."

मुलगी विचारात पडली. "ती ओरडतात?"

"नाही. मोठी माणसं गप्प बसून बघतात."

"अय्या! मग तिला सांगणार कोण?"

दलेंदाचं पेन सशाच्या बॅगेवर टेकलेलं होतं. मागची पोरं ढकलाढकली करत होती, आणि मुलगी उत्तर घेतल्याशिवाय हलायला तयार नव्हती.