साठ वेळा ‘नको’

“बिघाड काहीच नाही, वहिनी,” दुरुस्तीवाला म्हणाला. “मन उदास झालं की हा मनगटपट्टा विचारतो, बरं वाटायला हवंय का? ‘हो’ दाबलं की दोन मिनिटांत मन हलकं. तुमच्या मुलीनं महिन्यात साठ वेळा ‘नको’ दाबलंय.”

सुलभा तशीच धावत घरी आली. सोळा वर्षांची ऋता भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“अगं, नको का म्हणतेस?” सुलभानं विचारलं.

“मला मेलीला काय करायचंय बरं वाटून?”

नवऱ्यानं सुलभासाठीही असाच पट्टा आणला, तेव्हा तिनंच हसत म्हटलेले हे शब्द होते. तो पट्टा अजून साड्यांखाली, खोक्यातच होता.